हुर्यो

तोक्योत निशिकासाईला आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत एक खानावळ आहे. काउंटरला लागून सात स्टुलं, कोपऱ्यात एक टेबल आणि फ्रीजच्या वर भिंतीला टांगलेला टीव्ही. मालकांना सगळे ‘ताइशो’ म्हणतात आणि त्यांच्या बायकोला ‘ओकामिसान’. मी शाकाहारी होते तेव्हा तिथं भात, मिसो सूप आणि मुळ्याचं लोणचं खायची. त्या सूपात माशाचा अर्क असतो हे मला फार उशिरा कळलं. तोवर बाटायचं ते बाटून झालं होतं, मग सरळ मासेच खायला लागले. त्याचं पाप ताइशोंच्या माथी.

सुमोच्या मोठ्या स्पर्धा वर्षात 6 आणि प्रत्येक 15 दिवसांची. जानेवारी, मे, सप्टेंबर तोक्योत, मार्चला ओसाका, जुलैला नागोया, नोव्हेंबरला फुकुओका. त्या 15 दिवसांत संध्याकाळी ताइशोंचा टीव्ही दुसरं काही दाखवत नाही. मी नोकरदार बाई, रोज सहाच्या आत घरी येणं माझ्या नशिबात नाही. त्यामुळे माझ्या वाट्याला यायचे ते फक्त शनिवार-रविवार. शेवटच्या दिवसाला म्हणतात ‘सेन्शुराकु’. अक्षरं फोडली तर हजार शरद आणि आनंद. आपण वाढदिवसाला शंभर शरद मागतो, हे लोक एकदम हजारावर गेलेले. जुन्या दरबारी संगीतातल्या एका रचनेचं हे नाव असं म्हणतात.

तर 26 मार्च 2017, रविवार, ओसाकाच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. खानावळीत बसायला जागा नव्हती. मी फ्रीजला टेकून उभी होते. ताइशोंनी पाचच्या सुमारास कढईखालचा गॅस बंद केला आणि जाहीर केलं की आता कुणालाही काही मिळणार नाही. कुणी मागितलंही नाही.

कारण होता किसेनोसातो. जानेवारीत तो योकोझुना झाला होता, म्हणजे सर्वोच्च पदाचा पैलवान. त्याआधी 1998 मध्ये वाकानोहाना योकोझुना झाला, त्यानंतर तब्बल 19 वर्षं जपानमध्ये जन्मलेला एकही माणूस त्या पदाला पोचला नव्हता. आले ते सगळे हवाईचे किंवा मंगोलियाचे. आणि आता किसेनोसातो पदावर आल्यावर पहिल्याच स्पर्धेत 12 लढती सलग जिंकला. तेराव्या दिवशी हारुमाफुजीनं त्याला दोह्योच्या, म्हणजे कुस्तीच्या रिंगणाच्या, खाली असा फेकला की तो डावा खांदा धरून कळवळत राहिला. चौदाव्या दिवशी खांद्याला पट्ट्या बांधून आला आणि काकुर्यूसमोर काही न करताच बाहेर गेला. आता तेरुनोफुजी एका विजयानं पुढे. शेवटच्या दिवशी दोघांची आपसात गाठ. किसेनोसातोला आधी ती कुस्ती जिंकायची आणि मग बरोबरी झाली म्हणून लगेच दुसरी, निर्णायक. एका हातानं, दोनदा.

इथं आदल्या दिवसाची गोष्ट सांगायला हवी, कारण माझा सगळा घोटाळा तिथं आहे.

सुमोत तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला किंवा रिंगणाबाहेर पाय पडला की खेळ खलास. बहुतेक लढती काही सेकंदांत संपतात. म्हणून पहिली धडक महत्त्वाची. पण एखादा पैलवान धडक घेतच नाही, ऐन क्षणी बाजूला होतो आणि समोरचा स्वतःच्याच जोरानं पुढे कोसळतो. याला म्हणतात ‘हेन्का’. मराठीत त्याला आयता शब्द आहे, बगल देणं. नियमात बसतं, पण लोकांना आवडत नाही. त्यातून मोठ्या पदाच्या पैलवानानं केलं तर अजिबातच नाही.

चौदाव्या दिवशी तेरुनोफुजीनं कोतोशोगिकुला बगल दिली. कोतोशोगिकु सगळ्यांचा लाडका, ओझेकीपद, म्हणजे योकोझुनाच्या खालचं पद, नुकतंच गमावलेला. ते परत मिळवायला त्याला 10 विजय हवे होते, आणि या हारेनं ते दार बंद झालं. सभागृह उसळलं. हुर्यो, शिव्या, आणि त्यात एक आरोळी: मंगोलियाला परत जा. ती नंतर बातम्यांत गाजली, त्यावर टीकाही झाली. तेरुनोफुजी मंगोलियाचा. त्याचा डावा गुडघा तेव्हा धड नव्हता, पण किती वाईट आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्या दिवशी कुणी ऐकून घेतलं असतं असं मला वाटत नाही.

तो शनिवार होता, म्हणून मीही खानावळीत होते. ‘परत जा’ मी म्हटलं नाही. पण हुर्यो मनापासून केली. बाकीचे नाकानं, जिभेनं निषेधाचे आवाज काढत होते. मी आमच्या गावाकडची हुर्यो केली, तोंडापाशी तळहात धरून. लोकांना गंमत वाटली. ताइशोंनी ती पुन्हा करून दाखवायला लावली. मी दाखवली. परदेशात राहून दुसऱ्या परदेशी माणसाला हुसकावायच्या कार्यक्रमात मी नमुना सादर केला, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

आता पुन्हा रविवार. पहिली लढत. ग्योजीनं, म्हणजे पंचानं, दोघांना समोरासमोर बसवलं. दोघं उठले आणि किसेनोसातो चक्क उजवीकडे सरकला. ग्योजीनं थांबवलं, सुरुवात नीट झाली नाही म्हणून. पुन्हा बसले. पुन्हा उठले. या वेळी तो डावीकडे सरकला. तेरुनोफुजी तरीही भिडला, रेटत काठापर्यंत घेऊन गेला, आणि तिथं किसेनोसातोनं अंग काढून त्याला खाली ढकललं. जिंकला.

खानावळ फुटायची बाकी राहिली. टीव्हीतला ओसाकाचा आवाज आणि आमचा आवाज यात फरक करता येईना. शेजारचे एक निवृत्त रेल्वेचालक, जे मला बघून एरवी फक्त मान हलवायचे, त्यांनी माझे दोन्ही हात धरून खालीवर हलवले.

त्या गदारोळात ओकामिसान भांडी पुसत होत्या. त्या टीव्हीकडे बघून म्हणाल्या, “हाही बाजूला झाला की.”

कुणी लक्ष दिलं नाही. मला ऐकू आलं, कारण फ्रीज त्यांच्याजवळ होता. मीही लक्ष दिलं नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी निर्णायक लढत. तेरुनोफुजीनं दोन्ही हात आत घातले, त्याला रेटत मागे नेलं. किसेनोसातोनं त्याचा हात आपल्या उजव्या, धडक्या हातात अडकवला आणि काठावरून फेकला. मग काय झालं ते नीट आठवत नाही. मी रडत होते. बक्षीस समारंभाच्या सुरुवातीला राष्ट्रगीत लागतं, तेव्हा कॅमेरा किसेनोसातोच्या चेहऱ्यावर गेला, आणि तो डोंगराएवढा गडी रडत होता. मग खानावळीतले सगळे नव्यानं रडले. तेरुनोफुजी कुठं गेला, कसा गेला, हे कुणी पाहिलं नाही. कॅमेऱ्यानंही दाखवलं असेल तर क्षणभरच.

रात्री ताइशोंनी गॅस पुन्हा पेटवला आणि 2001 ची गोष्ट काढली. ती त्यांची हुकमी गोष्ट. मे महिना. योकोझुना ताकानोहाना चौदाव्या दिवशी उजवा गुडघा मोडून घेतो. शेवटच्या दिवशी मुसाशिमारुकडून पहिली लढत हरतो, धड उभंही राहता येत नाही. बरोबरी होते. निर्णायक लढतीत त्याच मुसाशिमारुला वरच्या हातानं पकडून फेकतो, आणि त्या क्षणी त्याचा चेहरा राक्षसासारखा होतो. जपानात त्या वयाच्या कुणालाही विचारा, तो चेहरा करून दाखवतील. ताइशोही दाखवतात, झारा हातात घेऊन. पंतप्रधान कोइझुमी, खुर्चीवर येऊन महिनाच झालेला, चषक द्यायला दोह्योवर चढले आणि छापील मजकूर बाजूला ठेवून ओरडले: वेदना सोसून लढलास, हेलावून गेलो, अभिनंदन! ते वाक्य पुढं म्हणीसारखं झालं. मुलाचे दहावीचे मार्क बघूनही बाप ते म्हणतात, असं ताइशो सांगतात.

“मुसाशिमारुचं काय झालं?” मी विचारलं होतं.

ताइशो थोडे थबकले. “तो हरला,” ते म्हणाले.

खरंच, दुसरं काय म्हणणार? लंगडणाऱ्या माणसासमोर तुम्हाला उभं केलंय. अख्खं सभागृह तुमच्या हारेची वाट बघतंय. दुखऱ्या गुडघ्यावर जोर टाकला तर तुम्ही नीच, आणि नाही टाकला तर हरणार. मुसाशिमारु हवाईत वाढलेला. अशा वेळी माणूस कुठं बघत असेल?

ताकानोहानाचं ते बाविसावं आणि शेवटचं विजेतेपद. त्यानंतर तो सलग 7 स्पर्धा खेळू शकला नाही, आणि 2003 च्या जानेवारीत निवृत्त झाला. किसेनोसातोची कथाही त्याच वळणानं गेली. त्या रविवारनंतर 8 स्पर्धा तो एकतर आलाच नाही किंवा अर्ध्यात सोडून गेला. डावा हात पूर्वीसारखा झालाच नाही. 2019 च्या जानेवारीत पहिल्या तिन्ही लढती हरला आणि थांबला. योकोझुना म्हणून त्याच्या नावावर 36 विजय आणि 36 पराभव आहेत. ताइशोंच्या खानावळीत तो विषय निघाला की सगळे ‘वाईट झालं’ म्हणतात. कुणामुळे झालं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याला कुणी दोह्योवर ढकललं नव्हतं, हे खरंच आहे. पण तो आला नसता तर आम्ही काय म्हटलं असतं, तेही मला माहीत आहे.

मी ज्या गावात लहानाची मोठी झाले ते कराडजवळ. जत्रेत कुस्त्यांचा फड भरायचा. सकाळी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, दुपारी नारळाच्या, मग शंभर, पाचशे असं चढत चढत शेवटी मोठ्या इनामाची. हलगी सारखी कडकडत असायची. बायामुलींनी मैदानात जायचं नाही. आम्ही जवळच्या घराच्या धाब्यावर बसून बघायचो, आणि धाब्यावरून खरं तर जास्त चांगलं दिसायचं. (ओसाकाच्या गव्हर्नर फुसाए ओता, जपानातल्या पहिल्या महिला गव्हर्नर, 2000 नंतर दरवर्षी मागायच्या की आपल्या प्रांताचा चषक आपण दोह्योवर जाऊन देऊ. सुमो संघटनेनं कधी होकार दिला नाही, बाई दोह्योवर चालत नाही म्हणून. ते वाचलं तेव्हा मला आमचं धाबं आठवलं. आणि त्यांना तर गव्हर्नर असून धाबंसुद्धा नव्हतं.)

एका वर्षी शेवटच्या कुस्तीला नदीपलीकडचा एक पोरगा आला. अंगानं किडकिडीत. आमच्या गावचा गडी त्याच्या दीडपट. पोरानं हात मिळवला न मिळवला तोच पट काढला आणि आमचा गडी चीत. डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपलं. पंचांनी हात वर केला. आणि मैदानात हुर्यो उठली. कुस्ती झालीच नाही, सलामी व्हायच्या आधी धरलं, पुन्हा लावा. माझे आजोबा, आबा, पुढच्या रांगेत होते आणि त्यांचा आवाज मला धाब्यावर ओळखू येत होता. पोरानं इनाम घेतलं की नाही कळलं नाही, कपडे काखेत मारून तो उसाच्या बांधानं निघून गेला. पायताण राहिलं. संध्याकाळी मैदान मोकळं झालं तेव्हा तांबड्या मातीच्या कडेला ते तसंच होतं, एक उलटं पडलेलं.

आबांनी ते उचलून घरी आणलं आणि सोप्यातल्या कोनाड्यात ठेवलं. रात्री जेवताना आजी काहीतरी बोलली असणार, कारण आबा म्हणाले, “पोरगं चांगलं हुतं गं. पर आपलं न्हवतं.”

ते पायताण पुढच्या जत्रेपर्यंत कोनाड्यात होतं. पोरगा काही आला नाही.

शेवटच्या दिवसाविषयी आणखी एक गोष्ट आहे जी बाहेरून येणाऱ्याला चटकन कळत नाही, आणि इथल्या लोकांना इतकी माहीत असते की ते बोलत नाहीत. 15 लढतींत 8 जिंकल्या तर पद चढतं, 7 वर अडकला तर उतरतं. म्हणून शेवटच्या दिवशी 7-7 वर असलेला पैलवान म्हणजे परीक्षेला बसलेलं पोर. पण त्याच्यासमोरच्याचे 8 आधीच झालेले असले तर? दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये आकडे मांडले. 7-7 वाला 8-6 वाल्याशी भिडला की 80 टक्क्यांच्या आसपास वेळा जिंकत होता, एरवीच्या हिशोबानं निम्म्याहून थोडं कमीच जिंकायला हवा होता. मग 2011 मध्ये पैलवानांच्या मोबाइलमधले निरोपच सापडले, कोण कुणाला किती पैशात कुस्ती सोडणार याचे, आणि त्या वर्षीची मार्चची स्पर्धा रद्द करावी लागली. लुटुपुटुची कुस्ती आपल्याकडंही काही नवी नाही. पण ताइशोंचं त्यावरचं मत मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, “वाईटच. पण मीही महिनाअखेरीला शेजारच्या दुकानदाराकडून तांदूळ उसने आणतो.” यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तेरुनोफुजीकडे परत येते. 2017 नंतर दोन्ही गुडघे गेले, शस्त्रक्रिया झाल्या, त्यात मधुमेह. ओझेकीपद गेलं. सुमोत एकूण 6 श्रेणी, त्यातल्या खालून दुसऱ्या श्रेणीपर्यंत तो घसरला. 2019 च्या मार्चमध्ये तो तिथं होता. त्या श्रेणीत पगार नसतो, अंगावर रेशमी नाही तर साधा सुती मावाशी, म्हणजे कमरेचा पट्टा, असतो, लढती सकाळी होतात आणि बघायला कुणी नसतं. ओझेकी झालेला माणूस इतक्या खाली जाऊन खेळत राहिल्याचं उदाहरण नव्हतं. तो राहिला. एकेक श्रेणी चढत 2020 च्या जुलैत पहिल्या श्रेणीत परतला, जवळजवळ तळाशी, आणि ती स्पर्धाच जिंकून बसला. शेवटच्या दिवशी मिताकेउमीला हरवून. पहिलं विजेतेपद 2015 चं, दुसरं हे.

साथीमुळे ती स्पर्धा नागोयाऐवजी तोक्योत झाली. सुमारे 11 हजारांच्या सभागृहात रोज अडीच हजार माणसं सोडत, आणि त्यांनाही सांगून ठेवलेलं की तोंडानं ओरडायचं नाही, फक्त टाळ्या. खानावळ तेव्हा लवकर बंद व्हायची. मी घरीच, लॅपटॉपवर बघितलं. ज्या माणसाला तीन वर्षांपूर्वी हुर्यो करून घालवला, तो परत आला आणि त्याच्यासाठी ओरडायची कुणाला परवानगी नव्हती. टाळ्या मात्र वाजत होत्या, बराच वेळ, एका लयीत. माझ्याही वाजल्या. रिकाम्या खोलीत एकट्यानं वाजवलेली टाळी फार विचित्र ऐकू येते.

पुढच्या वर्षी तो योकोझुना झाला, त्र्याहत्तरावा. त्याच वर्षी त्यानं जपानी नागरिकत्वही घेतलं. ताइशो आता त्याला ‘आमचा’ म्हणतात.

मार्च 2024. पुन्हा ओसाका. ताकेरुफुजी नावाचा 24 वर्षांचा पोरगा पहिल्या श्रेणीत पहिल्यांदाच आला आणि सगळ्यांना झोडपत निघाला. केस इतके आखूड की वरच्या पैलवानांची पानाच्या आकाराची शेंडीही बांधता येत नव्हती. पदार्पणातच स्पर्धा जिंकणं याआधी 1914 मध्ये घडलं होतं, म्हणजे 110 वर्षांपूर्वी. चौदाव्या दिवशी असानोयामाशी लढताना उजवा घोटा गेला. रुग्णवाहिकेतून नेलं. पाय टेकवत नव्हता, उद्या खेळायचं नाही असं त्यानं ठरवत आणलं होतं. त्याच्याच तालमीचा वडीलधारा योकोझुना त्याच्याशी बोलला: तुला जमेल, ही संधी परत येणार नाही.

तो योकोझुना होता तेरुनोफुजी.

ही बातमी वाचून मी मोबाइल खाली ठेवला. मला राग आला, हे कबूल करते. यानं तरी सांगायला नको होतं. दुखऱ्या पायावर उभं राहणं म्हणजे काय, याला सगळ्यात जास्त माहीत. ताकेरुफुजी उतरला, गोनोयामाला ढकलून पाडलं, 13-2 नं जिंकला, ओसाकात छप्पर उडालं. आणि मेची अख्खी स्पर्धा तो खेळू शकला नाही. पण मग वाटलं, माहीत होतं म्हणूनच सांगितलं असेल. 2017 च्या रविवारी तो समोरच्या बाजूला उभा होता. जखमी माणसाला त्या गर्जनेनं काय मिळतं, हे त्याच्याइतकं जवळून कुणी पाहिलं होतं? आम्ही टीव्हीवर बघितलं. त्यानं तीन हातांवरून बघितलं, आणि त्यातलं काही त्याच्यासाठी नव्हतं.

ओकामिसानना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तू फार विचार करतेस. कोबी चिरायला घे.”

जानेवारी 2025 मध्ये मी पहिल्यांदा शेवटच्या दिवशी सभागृहात गेले. र्योगोकुचं कोकुगिकान, तोक्योतलं सुमोचं सभागृह. ताइशोंना सोडतीत चौकोन लागला होता. चौकोन म्हणजे चार माणसांची बैठक, लोखंडी नळ्यांनी आखलेली, जेमतेम सव्वा मीटर लांबी-रुंदीची, चार गाद्या टाकलेली. त्यात ताइशो, ओकामिसान, रेल्वेचालक काका आणि मी. चपला काढून आत शिरायचं, आणि मग आठ गुडघ्यांचं काय करायचं हा प्रश्न दिवसभर पुरतो. मध्ये एक खोकं, त्यात याकितोरी. कोंबडीच्या या सळया तिथल्या तळघरात भाजतात आणि थंडच खातात. भिंतीवर वरच्या बाजूनं विजेत्यांची 32 प्रचंड चित्रं. त्यातल्या बऱ्याच चित्रांत तेरुनोफुजी होता. याच स्पर्धेच्या मध्यावर त्यानं निवृत्ती जाहीर केली होती, चार लढतींनंतर गुडघ्यांनी नाही म्हटलं.

त्या दिवशी चुरस तिघांत लागली. किनबोझान कझाकस्तानचा, होशोर्यू मंगोलियाचा, आणि ओहो, जुन्या काळच्या महान ताइहोचा नातू. आजोबांची विजेतेपदं 32. तिघंही 12-3 वर थांबले, म्हणजे तिहेरी निर्णायक लढत. लागोपाठ दोघांना हरवील तो जिंकला.

मी ठरवून गेले होते. या वेळी ज्याच्यासाठी कुणी ओरडणार नाही त्याच्यासाठी ओरडायचं. होशोर्यूनं किनबोझानला हरवलं तेव्हा मी जोरात “होशोर्यू!” केलं. ताइशोंनी वळून बघितलं, हसले. मग ओहो वर चढला, आणि आमच्या आजूबाजूनं “ओहो, ओहो” सुरू झालं. जवळ बसलेल्या एका आजींनी त्याच्या नावाचा टॉवेल दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरला होता, हात थरथरत होते तरी खाली घेत नव्हत्या. काकांनी तोंडाशी हात धरले. दोघं पैलवान बसले, मुठी जमिनीला टेकल्या. आणि माझ्या तोंडून निघालं, “ओहो!”

अगदी पोटातून निघालं. मी ठरवलेलं वाक्य घशातच होतं, हे आधी बाहेर पडलं. नातू आहे, आजोबांसारखा दिसतो, एवढंच कारण असावं. ओकामिसान माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की त्यांना खोक्याचा आधार घ्यावा लागला.

होशोर्यू जिंकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चांगल्या भरघोस. आजींनी टॉवेल खाली घेतला, चार घड्या केल्या, आणि मग त्याही टाळ्या वाजवू लागल्या.

बक्षीस समारंभ लांबतो. सम्राटांचा चषक, पंतप्रधानांचा चषक, मग देशोदेशींचे आणि प्रांतोप्रांतीचे. कुणी सुक्या मशरूमचा ढीग देतं, फ्रान्सकडून भलामोठा माकारोन येतो. ताइशोंना मात्र हल्लीचं काही पसंत नाही. त्यांच्या मते समारंभ पाहावा तर पॅन अमेरिकन विमान कंपनीच्या डेव्हिड जोन्स यांचा. 1961 पासून 30 वर्षं हे गृहस्थ चषक द्यायला यायचे, “ह्योऽऽशोऽऽजोऽऽ” अशी लांबलचक सुरुवात करून मानपत्र वाचायचे, कधी कधी तर चक्क त्या त्या शहराच्या बोलीत. चषक इतका मोठा की तो उचलताना त्यांचाच तोल जायचा. लोक विजेत्यापेक्षा त्यांची वाट बघायचे. ताइशोंनी तिथं चौकोनात बसून आम्हाला ते करून दाखवलं, आणि मागच्या चौकोनातल्या म्हाताऱ्यांनी सुरात सूर मिसळला. विजेता वर उभा, आणि खाली एका जुन्या अमेरिकी माणसाची नक्कल चाललेली.

शेवटचा विधी बघायला फार थोडे थांबतात. स्पर्धेआधी दोह्योच्या मध्यात मीठ, तांदूळ, कोंबू (समुद्री शेवाळ), सुकवलेलं माकूल (स्क्विड), चेस्टनट असं पुरून देवांना बोलावलेलं असतं. आता त्यांना परत पाठवायचं. नवे भरती झालेले पोरगे रिंगणात येतात, सगळे मिळून टाळी देतात, आणि एका ग्योजीला उचलून वर उडवतात. एकदा, दोनदा, तीनदा. तो भरजरी कपड्यांत आकाशाकडे तोंड करून वर जातो आणि खाली येतो. पोरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू दिसतं. ती हलक्या श्रेणीतली, सकाळी रिकाम्या सभागृहात खेळणारी पोरं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं.

चपला शोधायला वेळ लागला. काकांचा एक बूट शेजारच्या चौकोनात गेला होता.

बाहेर गार वारा होता. दाराशी 16 मीटर उंच मनोरा आहे, रोज खेळ संपला की त्यावरून ढोल वाजतो, उद्या पुन्हा या म्हणून. ताइशो मनोऱ्याखाली थांबले, मान वर करून.

“आज नाही वाजत,” ओकामिसान म्हणाल्या. “दरवेळी उभे राहता.”

“माहितेय,” ताइशो म्हणाले, पण हलले नाहीत. माझ्या कानात त्या क्षणी हलगी वाजत होती, ते मी त्यांना कसं सांगणार?

स्टेशनात शिरताना ओकामिसाननी याकितोरीचं खोकं माझ्या हातात दिलं. दोन सळया उरल्या होत्या.

“उद्या सोमवार,” त्या म्हणाल्या. “डब्याला ने.”